अठरा हुकांचा झगा

सोमवारी सकाळी नवरीच्या पाठीवरचा अठरावा हूक लागला आणि टाचणीमावशी घाबरली.

खरं तर तो लागावा म्हणूनच ती तीन आठवडे देव पाण्यात घालून बसली होती. पण तो लागला तो असा, की ना ओढावा लागला, ना नवरीने श्वास रोखला, ना मावशीला तिच्या पाठीला गुडघा टेकवावा लागला. इतर वर्षी तेराव्या हुकापासून दोघींना घाम फुटायचा. या वेळी अठराच्या अठरा लागले आणि वर झगा आणि पाठ यांच्यामध्ये मावशीची मूठ मावली असती.

“अठरा,” मावशी म्हणाली. सवयीने आवाज सरळ आला.

टेबलामागे बसलेल्या मॅडमनी कागदावर अठरा लिहिलं. पार्कच्या पेहराव विभागाला या मॅडम नव्या होत्या, चारच महिन्यांच्या. “सोळा वर्षं एकाच मापात!” त्या म्हणाल्या. “कमाल आहे बाई तुमची.”

नवरी आरशात बघून हसली. “बघितलंत मावशी? आणि तुम्ही उगाच जिवाला घोर लावून घेत होतात.”

मावशीने ओठांतल्या दोन टाचण्या काढून कॉलरला खोचल्या. एरवी ओठांत टाचण्या धरून ती अख्खं भांडण करू शकत असे आणि एकही खाली पडत नसे. म्हणून तर तिला ते नाव पडलं होतं. आता मात्र तिला शब्द सुचेना. कारण एक गोष्ट या जगात फक्त तिला ठाऊक होती. तो झगा सोळा वर्षांपूर्वीच्या मापाचा नव्हता. चांगला चार बोटं मोठा होता.

हे नीट कळायला पार्कचा एक नियम सांगायला हवा, आणि तो इतका बिनडोक आहे की सांगतानाच राग यावा. पार्कमध्ये आकाशपाळणा होता, होड्या होत्या, पोटात खड्डा पाडणाऱ्या तीन राइड होत्या. पण हंगामात मंगळवारची सुट्टी सोडून रोज दुपारी चार वाजता सगळं अर्धा तास थांबे आणि राजवाड्यातून राजपुत्राच्या लग्नाची मिरवणूक निघे. राजवाडा म्हणजे समोरून राजवाडा. मागून नुसत्या फळ्या आणि लोखंडी जिने, आणि त्या जिन्यांखाली बिनखिडकीची एक लांब खोली, तिथे मावशीचं राज्य. उघड्या बग्गीत राजपुत्र आणि नवरी बसत, तळ्याला वळसा घालून पुलापर्यंत जात आणि परत येत. लोक दुपारपासून कठड्याशी जागा धरून बसत. तिकिटांवर, कपांवर, फुग्यांवर, फाटकावरच्या दोन मजली पाटीवर नवरीचंच चित्र होतं. नवरीचं म्हणजे तिच्या झग्याचं. चेहरा कुणाचाही चालत होता. मोतिया रंगाचं साटीन, छातीवर हाताने ओवलेले मोती, मागे चार हात लोळणारा घोळ आणि पाठीवर अठरा हूक.

मालकांचा त्या झग्यावर भारी जीव. तो शिवणारा म्हातारा कारागीर कधीच गेला होता, आणि त्याच्या कामाला कुणी हात लावू नये म्हणून त्यांनी एक नियम चौकटीत घालून पेहराव विभागाच्या भिंतीवर टांगला होता: मुख्य पोशाखाच्या मापात कोणताही बदल केला जाणार नाही. म्हणजे झगा अंगाला बसत नसेल तर अंग बदला. दर वर्षी हंगाम उघडण्याआधीच्या सोमवारी नवरीने झगा घालून उभं राहायचं आणि मावशीने खालून वर हूक लावत मोठ्याने मोजायचे. अठरा लागले तर हीच नवरी. सतरा लागले तर दुसरी शोधा.

राजपुत्राला असला काही जाच नव्हता. सोळा वर्षांत सहा राजपुत्र झाले. त्यांतल्या एकाला इतकं पोट सुटलं की मावशीने त्याच्या कोटाला दोन्ही बाजूंनी पट्ट्या जोडल्या, आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

नवरी पहिल्यांदा मापाला उभी राहिली तेव्हा बावीस वर्षांची होती. त्याआधी ती फाटकाशी फुगे विकायची. तिच्या आधी तीन मुली परत गेल्या होत्या. हिचे सतरा हूक लागले आणि अठरावा काही केल्या लागेना. मुलीने मागे वळून पाहिलं नाही, गयावया केली नाही. फक्त आरशातून मावशीकडे बघितलं आणि तिचे डोळे काठोकाठ भरले. मावशीने तिच्या डोक्यावरची जाळी पाठीवर खाली ओढली, हूक झाकला आणि “अठरा” म्हणून मोकळी झाली. इतकं खोटं ती आयुष्यात पहिल्यांदाच बोलली असेल, पण बोलल्यावर तिला मुळीच वाईट वाटलं नाही.

त्याच संध्याकाळी तिने अस्तर उसवलं. अस्तराला हात लावायची तिला मुभा होती. घामाने ते खराब होई आणि दर हंगामाला नवं घालावं लागे. भिंतीवरच्या नियमात अस्तराबद्दल अवाक्षर नव्हतं. म्हाताऱ्या कारागिराने शिवणींच्या आत भरपूर कापड दुमडून ठेवलं होतं, शिवणकामात ज्याला माया म्हणतात ते. मावशीने चार शिवणी उसवल्या, प्रत्येकीतून केसभर कापड सोडलं, परत शिवल्या आणि वर नवं अस्तर चढवलं. पुढच्या वर्षी परत. त्याच्या पुढच्या वर्षी परत. बाविशीची बाई अडतीस वर्षांची होते तेव्हा अंग भरतंच. त्यात कुणाचं काय चोरलं?

नवरीला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला वाटे, आपण माप राखलं. हंगामाआधी दोन महिने ती उकडलेल्या भाज्यांवर राही, संध्याकाळचं जेवण बंद करी, पाच मजले जिना चढे आणि उतरे. धाकट्या बहिणीच्या घरात ती राहायची. दोनदा तिच्या लग्नाची बोलणी निघाली आणि दोन्ही वेळा तिनेच मोडली. “मला कुठे वेळ?” ती म्हणे. “रोज चार वाजता माझं लग्न असतं.” लोक हसत. पण सोमवारच्या त्या कागदावरचा अठरा हा आकडा तिने काय मोल देऊन मिळवला होता ते तिचं तिलाच माहीत.

यंदा मात्र मावशीची झोप उडाली होती. शिवणींतलं कापड संपलं होतं. आता अठरावा हूक लागला नाही तर शिवणीत वेगळ्या कापडाची पाचर घालण्यावाचून गत्यंतर नव्हतं, आणि पाचर दिसली असती. तरी तिने कुठून कुठून हिंडून त्याच रंगाचं साटीन मिळवलं होतं, बटणांच्या डब्यात तळाशी दडवलं होतं. आणखी दोन महिन्यांनी ती निवृत्त होणार होती. बत्तीस वर्षं अस्वलांचे पाय आणि चाच्यांच्या विजारी शिवून झाल्यावर निदान मानाने बाहेर पडावं, एवढीच तिची इच्छा होती. आणि घडलं हे भलतंच.

मॅडम गेल्यावर ती नवरीचे हूक सोडता सोडता म्हणाली, “बारीक झालीस गं.”

“झाले ना? आणि यंदा काहीसुद्धा केलं नाही मावशी. भूकच लागत नाही. दोन घास खाल्ले की पोट भरतं. किती बरं, नाही?”

“कधीपासून?”

“झाले दोन-तीन महिने.” नवरी स्टुलावर बसली. हूक सोडताना ती कधी बसत नसे. “जरा थकवा येतो. तो काय, वयाचा.”

मावशीच्या हातात झगा होता, पण डोळ्यांपुढे तिची मोठी बहीण आली. बहिणीचे सगळे कपडे मावशीच शिवायची. एका वर्षी बहीण बारीक होत गेली आणि सगळे म्हणत राहिले, किती छान दिसतेस, काय करतेस? मावशीने शिवणी घालून तिचे चार पोशाख आत घेतले. पाचवा घेतला. आनंदाने घेतला, थट्टा करत घेतला. सहाव्याची वेळच आली नाही. तेव्हापासून कुणाचा कपडा सैल झाला की मावशीला घाम फुटतो.

“डॉक्टरांना दाखवून ये एकदा,” ती म्हणाली.

“काय दाखवू? अठरा हूक?” नवरी खळखळून हसली. “अहो, झगा बसतोय बरोब्बर. मी जास्तच उतरले असते तर झगा सैल नसता झाला?”

“सैलच आहे.”

“तुम्हाला सैल वाटतोय, कारण दर वर्षी मी फुगलेली असते. या वेळी आधीपासून नीट आहे, एवढंच. बाविसाव्या वर्षी होते तशी. उगाच दृष्ट लावू नका हं.”

ती गेली. जाताना जिन्याच्या कठड्याला धरून वर चढली, मध्ये एकदा थांबली. मावशी खालून बघत राहिली. हिची समजूत झग्याने करून दिली होती, आणि झगा खोटं बोलत होता. मावशीनेच त्याला शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी रात्री जेवताना तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो लिफ्ट चालवायचा, आता घरी होता, आणि आयुष्यभर लोकांची बोलणी ऐकून स्वतः बोलायचा कंटाळा करायचा.

“सांगून टाक,” तो म्हणाला.

“अहो, सांगून टाक काय? सोळा वर्षं नियम मोडला हे सांगायचं? दोन महिने राहिलेत माझे.”

“मग नको सांगूस.”

“आणि तिला काही झालं तर?”

“मग सांग.”

“तुम्हाला विचारण्यात काही अर्थ आहे का!”

“नाहीच,” तो म्हणाला आणि ताट उचलून उठला. मग स्वयंपाकघरातून त्याचा आवाज आला, “तू बहिणीच्या वेळीही शेवटी शेवटी असंच म्हणत होतीस. विचारू की नको, विचारू की नको.”

मावशीच्या हातातला घास हातातच राहिला.

तरीही ती बुधवारी बोलली नाही. गुरुवारीही नाही. नवरीच्या बहिणीला फोन करावा म्हणून दोनदा नंबर काढला आणि ठेवला. बहिणीला तरी काय सांगणार? शुक्रवारी नवरी सरावाला आली तेव्हा मावशीने तिच्यापुढे आपला डबा उघडा ठेवला. नवरीने दोन घास खाल्ले, छान आहे म्हणाली आणि डबा हळूच परत सरकवला. मावशीने ते दोन घास मोजले. माणसाची चिंता वाढली की ते असलंच काहीतरी मोजत बसतं.

शनिवारी हंगाम उघडला. फाटकापासून तळ्यापर्यंत माणसंच माणसं. चार वाजता तुतारीची रेकॉर्ड लागली आणि बग्गी निघाली. दर वर्षी पहिल्या दिवशी मावशी मिरवणुकीबरोबर गर्दीच्या मागून चालत असे, खिशात सुईदोरा आणि कॉलरला टाचण्या, काही उसवलं तर असावं म्हणून. या वर्षी ती चालली ती जीव मुठीत धरून. नवरी हात हलवत होती, हसत होती. पण दुसरा हात बग्गीच्या कठड्यावरून काढत नव्हती, बोटं पांढरी पडली होती. सैल झगा खांद्यांवरून उतरून खाली आला होता आणि पुढची किनार चांगली दोन बोटं जास्त लोळत होती. मावशीला ते शंभर पावलांवरून दिसलं. लोकांना काय दिसणार? लोक मोती बघत होते.

पुलाशी एक लहान मुलगी बापाच्या खांद्यावरून ओरडली, “बाबा, नवरी दमली!”

आजूबाजूचे हसले. राजपुत्रही हसला आणि त्याने लोकांकडे बघून कपाळावरचा घाम पुसल्याचं नाटक केलं. नवरी हसली नाही. तिने त्या मुलीकडे असं बघितलं, जणू कुणीतरी आपल्याला पकडलं.

परतल्यावर राजवाड्याच्या पायऱ्या चढताना किनार पायात आली आणि ती पडली. फार नाही, गुडघ्यावर. राजपुत्राने उचललं, टाळ्या पडल्या. लोकांना वाटलं खेळाचाच भाग. पण मावशीच्या मनातलं “सांगू की नको” तिथेच संपलं.

खोलीत आल्या आल्या तिने दार लावून कडी घातली. “उभी राहा,” ती म्हणाली. “नाही, बस. बसच. मला तुला काहीतरी दाखवायचंय.”

तिने कात्री घेतली आणि नवरीच्या अंगावरच झग्याच्या डाव्या बगलेतलं अस्तर हातभर कापलं. नवरी किंचाळलीच. “मावशी! वेड लागलंय का?”

“बघ इथे. आत बघ.”

साटीनचं एक आहे, त्यात सुई गेली की तिची खूण बुजत नाही. शिवणीच्या आतल्या कापडावर बारीक भोकांची एक रेघ होती. तिच्या बाजूला दुसरी. तिच्या बाजूला तिसरी. आत आत जात सगळ्या रेघा एकमेकींना चिकटून उभ्या होत्या.

“ही पहिली शिवण, कारागिराची. ही तुझ्या पहिल्या वर्षाची. ही दुसऱ्या. दर वर्षी मी उसवलं आणि सोडलं. चारही बाजूंनी. चार बोटं झालीत एकूण. तू बाविशीत होतीस तशी नाहीस गं. झगा मोठा आहे. झगा मोठा आहे आणि तुला तो सैल होतोय, कळतंय का? तू किती उतरलीस याचा हिशेबच लागत नाहीये.”

नवरी बोटाने रेघा मोजत होती. मोजून झाल्यावर तिने वर बघितलं, आणि मावशीला वाटलं होतं तसं ती घाबरलेली नव्हती. संतापली होती.

“पहिल्या वर्षी?”

“काय?”

“पहिल्या वर्षी तरी अठरा लागले होते?”

मावशीला खोटं बोलता आलं असतं. “सतरा,” ती म्हणाली.

“म्हणजे मी कधीच...” नवरी उठून उभी राहिली. “सोळा वर्षं मी अर्ध्या ताटावर काढली मावशी! भाच्याच्या वाढदिवसाला केकचा वास घेऊन बशी खाली ठेवली. दर वर्षी! पोरं हसायची मला. बहीण म्हणायची, एक तुकडा खा गं, काय होतंय. आणि तुम्ही इथे बसून शिवणी सोडत होतात? मला सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर तू झग्यात उभीच राहिली नसतीस. मालकांना जाऊन सांगितलं असतंस.”

“असतंच सांगितलं! मग जे झालं असतं ते झालं असतं. निदान जेवले असते!”

सोळा वर्षं तिला वाटत होतं, आपण हिचं पोट राखलं. हिच्या पोटात अन्न गेलं नाही हे तिला कधी दिसलंच नाही.

“घ्या तुमचा झगा,” नवरी म्हणाली, आणि मागे हात न नेता, हूक सोडायची वाट न बघता, तिने तो दोन्ही हातांनी खांद्यांवरून खाली ओढला. रागाने ओढला. झगा कमरेशी जरासा अडला, मग सरळ घसरून पायाशी पडला.

त्याचे अठरा हूक तसेच लागलेले होते.

दोघीही खाली बघत राहिल्या. बाहेर आकाशपाळण्याचं संगीत पुन्हा सुरू झालं. नवरीने आपल्या बरगड्यांवर हात ठेवला, एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “मावशी, मला गार लागतंय.”

मावशीने आपला स्वेटर तिच्या अंगावर घातला. नवरीने तो घालू दिला, पण मावशीचा हात हाताने बाजूला केला. कपडे बदलून ती निघून गेली. स्वेटर मात्र अंगावरच होता.

रविवारी ती आली नाही. फोन बंद. बहिणीच्या घरचा फोन नुसता वाजत राहिला. नवरीच नाही म्हटल्यावर मॅडमची धावपळ उडाली. सकाळच्या खेळात फुलपाखरू होऊन नाचणाऱ्या मुलीला त्यांनी ओढून आणलं. “माप तेच आहे तिचं,” त्या म्हणाल्या. “मी कागद बघूनच आणलीये.” कागद म्हणजे कारागिराने सोळा वर्षांपूर्वी लिहिलेलं माप. फुलपाखराने झगा घातला, अठरा हूक लागले, आणि तो तिच्या अंगावर पडदा टांगावा तसा लोंबू लागला.

मॅडमनी कागद बघितला. मुलीला बघितलं. मग मोजपट्टी स्वतःच्या हातात घेतली. मावशीने मनातल्या मनात तिथेच निरोप घेऊन टाकला.

“हे कुणी केलं?”

“मी,” मावशी म्हणाली. ओठांत टाचणी नव्हती तरी शब्द अडखळत आले. “सोळा वर्षं.”

मॅडम वाईट बाई नव्हत्या. वाईट असत्या तर बरं झालं असतं, ओरडून मोकळ्या झाल्या असत्या. त्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, “आणि मी सोमवारी त्या कागदावर अठरा लिहून सही केली.” जरा वेळाने म्हणाल्या, “आज आणि उद्या टाचण्या लावून भागवा. बुधवारपर्यंत मूळ मापात आणून द्या, चारही शिवणी. बाकीचं मालकांना विचारून सांगते. तुमच्या निरोपसमारंभाचंही.”

“बरं.”

“का केलंत मावशी? दुसरी नवरी मिळाली असती की.”

मावशी फुलपाखराच्या पाठीला टाचण्या लावायला लागली. ते सोळा वर्षांपूर्वी आरशात ज्याने पाहिलं त्यालाच कळलं असतं.

मंगळवारी सुट्टी असूनही सकाळपासून ती पार्कात झगा मांडीवर घेऊन बसली. सोळा वर्षं सोडलेलं कापड आता आत घ्यायचं होतं, कारागिराच्या पहिल्या रेघेवर. काम अवघड नव्हतं. भोकं होतीच, सुई त्यातच घालायची. पण सुई पुढे सरकेना. आपण बहिणीचे पोशाख आत घेतले होते ते हेच हात, हीच खुर्ची नाही पण अशीच खुर्ची. पक्की टीप मारली की झालं, ती बाई परत या झग्यात येणार नाही. फोन अजून बंदच होता. ती डॉक्टरकडे गेली की घरात तोंड फिरवून पडली, जेवते की नाही, आपल्यावर रागावून आहे की आणखी काही, काहीच कळायला मार्ग नव्हता. दुपारी नवऱ्याचा फोन आला. त्याने विचारलं, “काही कळलं?” ती म्हणाली, नाही. तो म्हणाला, “मी जाऊन बघून येऊ का?” इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच तो आपणहून कुठे जायला निघाला होता. परत आला तेव्हा सांगण्यासारखं एवढंच होतं, की दाराला कुलूप आहे आणि शेजाऱ्यांना ठाऊक नाही.

संध्याकाळी मावशीने मशीनवरचं झाकण परत घातलं आणि हातसुई घेतली. दुहेरी दोऱ्याने, लांब लांब टाक्यांनी, तिने चारही शिवणींना धावदोरा घातला. शिवणकाम शिकणाऱ्या पोरी घालतात तसा, कच्चा. फुलपाखरू शेवग्याच्या शेंगेइतकं बारीक होतं. तेवढ्याने भागलं असतं. टोकाला गाठ मारली नाही. चारही दोरे आतल्या आत डाव्या बगलेशी आणले, वर अस्तर घातलं आणि तिथे दोन बोटं जाईल एवढी फट ठेवली.

बुधवारी मॅडमनी मोजपट्टी लावली. माप कागदाबरहुकूम होतं.

“पक्कं आहे ना?”

“मिरवणुकीपुरतं पक्कं आहे,” मावशी म्हणाली.

मॅडम तिच्याकडे जरा बघत राहिल्या, मग सही करून गेल्या.

अडीच वाजता फोन वाजला तेव्हा मावशी झग्याला शेवटची इस्त्री फिरवत होती. आवाज ओळखायला तिला क्षणभर लागला, इतका तो हळू होता. मागे कुणीतरी चाकांची गाडी ढकलत होतं.

“मावशी, मी दवाखान्यात आहे.”

मावशीने इस्त्री उभी केली. ती तिथेच लाकडी पेटीवर बसली. “बोल.”

“शनिवारी तिथूनच सरळ आले. जठरात काहीतरी आहे म्हणतात. शुक्रवारी ऑपरेशन. फार पसरलंय की नाही ते उघडल्यावर कळेल म्हणाले.” ती थांबली. “डॉक्टरांनी विचारलं, किती दिवसांपासून वजन उतरतंय. मी म्हटलं, मला माहीत नाही, माझा झगा मोठा होता. त्यांना काही कळलंच नाही.”

मावशीला हसू आलं आणि त्याच वेळी डोळे वाहायला लागले. “मला भीती वाटते गं,” ती म्हणाली. धीर द्यायचा सोडून तिने हेच म्हटलं.

“मलापण. खूप.” मग जरा वेळाने, “मी अजून रागावलेय तुमच्यावर.”

“राहा रागावून. कितीही दिवस राहा.”

“झगा कुणाला दिला?”

“फुलपाखराला. मूळ मापात आणून मागितला.”

“आणलात?”

“आणला. पण कच्चा घातलाय. नुसता धावदोरा. ओढला की सुटतो, चारही बाजूंनी. पहिल्यासारखा मोठा होईल.”

पलीकडे गाडीची चाकं लांब गेली.

“तुम्ही तर दोन महिन्यांनी नसाल तिथे,” नवरी म्हणाली.

“त्याच्या आधीच नसेन बहुतेक.”

“मग दोरा कुठे आहे तो मला सांगून ठेवा.”

मावशीने झगा जवळ ओढला, अस्तराच्या फटीत दोन बोटं घातली आणि दोऱ्याची टोकं चाचपून बघितली. होती.

“डाव्या बगलेत, आतल्या बाजूला. चारही एकत्र आहेत. गाठ मारली नाहीये, नुसते ओढायचे.”

“डाव्या बगलेत,” नवरी म्हणाली. “थांबा, लिहून घेते.”